ऐकणारा सभासद, विचारणारा सभासद
(रेडिओ, लोकशाही आणि ग्रामविकास)



शेताला जशी मशागत लागते तशी सहकारालाही लागते. सभासदाने ऐकावे, शंका विचारावी, चार जणांत चर्चा करावी आणि मग हात वर करावा, ही सहकाराची मशागत. या कामी रेडिओचा किती उपयोग होतो, याचा मोठा प्रयोग आपल्याच मराठी मुलखात झाला होता. त्याची माहिती या पाठात घेऊ.

पुण्याचा प्रयोग

कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे सुरू झाली. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे ब्रीद. त्याच धर्तीवर युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे काढली. कार्यक्रम आठवड्यातून दोन, असे दहा आठवड्यांत वीस झाले.

पद्धत साधी होती. मंडळात बारा ते वीस गावकरी, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा आणि तिथेच बसून लागलीच चर्चा करायची. काय ठरले, काय अडले, हे निमंत्रक केंद्राला लिहून कळवी. पुढच्या कार्यक्रमात शंकांची उत्तरे येत. म्हणजे रेडिओ गावाशी बोलत होता आणि गावही रेडिओशी बोलत होते.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. मंडळे नव्हती तिथे फरक फार थोडा दिसला. शिवाय माहितीवरच काम थांबले नाही. कुठे विहीर खणायचे ठरले, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठे बालवाडी निघाली.

चर्चेने काय साधते?

आपल्या रोजच्या व्यवहारातला दाखला घ्या. पाचट जाळू नका, हे रेडिओवर, मेळाव्यात, गटात कितीदा सांगून झाले. तरी तोड झाली की कुठे ना कुठे धूर दिसतोच. कारण मनातली शंका मनातच राहते. "पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकंल का?" हे कुणी उघड विचारत नाही. चार जण बसले की ज्याने पाचट ठेवलेले असते तोच सांगतो, "अहो, एक आड एक सरीत बसवा, मोकळ्या सरीतनं पाणी द्या." शेजाऱ्याने स्वतः करून पाहिलेले असते, म्हणून ते पटते.

लोकशाहीचेही असेच आहे. गावात बोलणारे ठराविक, बाकीचे मान हलविणारे. श्रोतृमंडळात मात्र विषय सर्वांनी एकदमच ऐकलेला असतो. त्यामुळे दोन एकरवाल्यालाही वीस एकरवाल्याइतकेच बोलता येते.

रेडिओची दुसरी बाजू

१७ नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पण पुढे मंडळे विरळ होत गेली. ट्रान्झिस्टर घरोघर आले, ऐकणे वाढले, पण एकत्र बसणे कमी झाले. आज मोबाईलवर तेच चालले आहे. निरोप दहा गटांत पुढे जातो. खरा की खोटा, हे कुणी विचारत नाही.

आवाज कुणाच्या हाती, हाही प्रश्न आहेच. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत रेडिओवर एकट्या सरकारचीच बाजू ऐकू येत होती. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. प्रसार भारती कायदा १९९७ साली अमलात आला. २००६ पासून कृषी विज्ञान केंद्रे व सेवाभावी संस्था यांनाही सामुदायिक रेडिओ काढण्याची मुभा मिळाली. म्हसवडसारख्या दुष्काळी भागात २००८ साली 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली, ती याच वाटेने.

आपण काय करावे?

आम्ही सभासदांपुढे पुढील गोष्टी ठेवीत आहोत :

१) प्रत्येक गटात दहा-पंधरा सभासदांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. महिला सभासदांना आवर्जून बोलवावे. खुरपणीपासून खतापर्यंत निम्मे काम त्याच करतात.

२) रेडिओवरील शेतीविषयक एक कार्यक्रम ऐकावा व लगेच चर्चा करावी. प्रत्येकाने निदान एकदा बोलावे.

३) न सुटलेल्या शंका वहीत लिहून चिटबॉयकडे द्याव्यात. उत्तर पुढच्या बैठकीआधी पोहोचविणे हे ऊस विकास विभागाचे काम. न पोहोचल्यास तेही वहीत लिहावे.

४) वार्षिक सभेचा अहवाल हाती आला की याच बैठकीत वाचावा. साखर उतारा, तोडणी-वाहतूक खर्च, कर्ज, उसाचा दर, यांवरचे प्रश्न तिथेच तयार करावेत.

नुसते 'मंजूर, मंजूर' म्हणून सभा लवकर आटोपते, पण कारखाना आपला राहत नाही. सवाल करणारा सभासद संचालक मंडळाला आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही जागे ठेवतो. तेव्हा रेडिओ लावा, शेजाऱ्याला हाक मारा आणि ऐकून झाल्यावर बटण बंद करून बोलायला सुरुवात करा.

जय किसान, जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी