टॅब म्हातारा का होतो?

गेल्या मे महिन्यात बदलापूरला आमच्या शेजारी घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतो. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दहावीत जाणारा एक मुलगा राहतो. त्याचे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग घरी बसून भरू लागले. त्या वेळी त्यांनी हप्त्याने एक टॅब घेतला. फार महाग नाही, फार स्वस्तही नाही. मुलगा तेव्हा पाचवीत होता. पाच वर्षे त्या टॅबने इमानाने काम केले. मग तो चार्जिंगला लावल्यावाचून तासभरही चालेना, आणि एके दिवशी त्याची पाठ फुगली. काचेची कड चौकटीतून वर उचलली गेली. मुलगा टॅब घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, सगळ्या वह्यांचे फोटो यात आहेत. आता नवाच घ्यावा लागेल का?"

नवा घेणे त्या घराला परवडणारे नव्हते. म्हणून आम्ही दोघांनी मिळून या प्रश्नाचा विचार केला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

टॅबमध्ये हलणारा एकही भाग नाही. सायकलची साखळी झिजते, कारण ती दातांवर घासते. मग टॅबमध्ये झिजते तरी काय? मुख्यतः दोन गोष्टी झिजतात : एक विद्युतघट आणि दुसरी स्मृती.

प्रथम घट पाहू. टॅबमधील घट लिथियम-आयन जातीचा असतो. तो १९९१ मध्ये बाजारात आला. त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटाचे एक अग्र ग्रॅफाइटचे, तर दुसरे लिथियमयुक्त धातूंच्या ऑक्साइडचे असते. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा व विद्युत अपघटनी द्रव असतो. टॅब चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. टॅब वापरताना ते परत येतात.

हे समजण्यासाठी आपली लोकल गाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी बदलापूरहून माणसे निघतात व अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून पुढे जातात. संध्याकाळी तीच माणसे परत येतात. लिथियमचे आयन हे असे रोजचे प्रवासी आहेत. त्यांचा प्रवास घटाच्या आतून, द्रवातून होतो. इलेक्ट्रॉनांना मात्र त्या द्रवातून जाता येत नाही. ते बाहेरच्या तारेने, म्हणजे जणू कल्याण-बदलापूर रस्त्याने जातात. आणि वाटेत आपला टॅब चालवून देतात.

आता समजा, रोज संध्याकाळी लाखातले थोडेसे प्रवासी परत आलेच नाहीत, तर काय होईल? एका दिवसात फरक कळणार नाही. पण पाच वर्षांनी गाडी बरीच रिकामी दिसेल. घटात नेमके हेच होते. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर द्रवाशी विक्रिया होऊन एक पातळ थर तयार होतो. हा थर उपयोगाचाच असतो, कारण तो पुढील विक्रियेला अटकाव करतो. परंतु तो हळूहळू जाड होत राहतो व त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते. अडकलेला आयन पुन्हा प्रवास करीत नाही. घटाची धारणक्षमता कमी होते ती मुख्यतः अशी.

थोडे गणित करू. घटावर ७,००० मिलिअँपिअर-तास व ३.८५ व्होल्ट असे लिहिले असेल, तर त्यातील ऊर्जा ७ × ३.८५ म्हणजे सुमारे २७ वॉट-तास. पडदा भरपूर उजळ ठेवून पाठ पाहताना टॅब ४.५ वॉट शक्ती घेत असेल, तर तो ६ तास चालेल. पुढे घटाची क्षमता ६० टक्के उरली, की ऊर्जा १६.२ वॉट-तास उरते व वेळ ३ तास ३६ मिनिटांवर येतो. पण पडद्याचा उजेड कमी करून शक्तीचा खर्च ३ वॉटवर आणला, तर तोच जुना घट ५ तास २४ मिनिटे पुरतो. म्हणजे पैसा खर्च न करता गेलेल्या वेळेतला मोठा भाग परत मिळाला!

घट किती फेऱ्या काढतो? एक फेरी म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० टक्के व उद्या ५० टक्के वापरले, तर ती एकच फेरी झाली. अनेक घट सुमारे ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात. रोज अर्धी फेरी धरली तर याला १,००० दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे लागतील. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, तेथे विकल्या जाणाऱ्या टॅबचा घट ८०० फेऱ्यांनंतरही निदान ८० टक्के क्षमता राखणारा असावा लागतो. त्याच हिशेबाने हे १,६०० दिवस, म्हणजे चार वर्षांहून अधिक होतात. म्हणजे अधिक टिकणारा घट बनविणे अशक्य नाही.

परंतु झीज केवळ फेऱ्यांनी होत नाही. कपाटात ठेवलेला घटही म्हातारा होतो. याचे मोठे कारण उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले, की रासायनिक विक्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. आपला भाग समुद्रापासून आत, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. समुद्रावरचे वारे येथे उशिरा पोचतात, म्हणून उन्हाळ्यात बदलापूरचा पारा मुंबईच्या पुढे जातो व कधी ४० अंश ओलांडतो. आमच्या या मित्राचा टॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या खिडकीत रात्रंदिवस चार्जिंगला लावलेला असे! भरीस भर म्हणून त्याला जाड रबरी आवरण होते. पूर्ण भरलेल्या घटाचे विभवांतर जास्त असते व त्या स्थितीत नको असलेल्या विक्रिया अधिक वेगाने होतात. उष्णता आणि पूर्ण भार या दोन शत्रूंनी हातमिळवणी केली. द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाले आणि घटाची बंद पिशवी फुगली.

फुगलेला घट धोकादायक असतो. तो दाबू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. आतला पडदा फाटून दोन्ही अग्रे एकमेकांस चिकटली, तर घट पेट घेऊ शकतो. आम्ही टॅब लगेच बंद केला व त्याच संध्याकाळी उल्हासनगरला नेला. १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित ज्या लष्करी छावणीत वसले, तिचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणतात. तेथील एका लहानशा दुकानातील कारागिराने काच गरम करून गोंद सैल केला, प्लॅस्टिकच्या पातीने जुना घट अलगद काढला व नवा बसविला. खर्च आला तो नव्या टॅबच्या किमतीच्या आठव्या हिश्श्याहून कमी. जुना घट आम्ही कचऱ्यात टाकला नाही, कारण कचऱ्याच्या गाडीत चिरडून असे घट आग लावतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुने घट व ई-कचरा गोळा करून त्यांची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. म्हणून असा घट संकलन केंद्रातच द्यावा.

आता दुसरी झीज. घट नवा बसला तरी टॅब संथ का? टॅबची स्मृती म्हणजे एक प्रकारची पाटीच होय. पण ही पाटी विचित्र आहे. तिच्यावरचा एकच शब्द पुसता येत नाही. पुसायचा तर सगळा चौकोन पुसावा लागतो. लिहिलेली माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि दर पुसण्यागणिक त्या कप्प्यांच्या भिंती किंचित झिजतात. म्हणून यंत्र सगळे चौकोन आळीपाळीने वापरते. पाटी काठोकाठ भरली, की त्याला मोकळा चौकोन सापडेनासा होतो. ते मजकूर इकडून तिकडे हलवीत बसते व टॅब अडखळतो. आम्ही जुने चित्रपट काढून टाकले, वह्यांचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले आणि पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवली. टॅब बराच हलका झाला.

एका गोष्टीवर मात्र आपला इलाज चालत नाही. कंपनीने सुरक्षेच्या सुधारणा पाठविणे थांबविले, की धडधाकट टॅबही मागे पडतो. म्हणून टॅब घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सुधारणा किती वर्षे मिळतील? आणि घट बदलून मिळेल का?

पावसाळ्यासाठीही एक सूचना. टॅबचा पडदा बोटामुळे विद्युत धारितेत होणारा बदल ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवितो, म्हणून ओल्या पडद्यावर टॅब भलतेच काही उघडतो. ते तात्पुरते असते. पण चार्जिंगच्या खाचेत ओल असताना तार जोडली, तर धातूची टोके गंजतात व ती हानी कायमची असते. खाच पूर्ण वाळू द्यावी.

प्रयोग करून पहा : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टॅब विमान-स्थितीत ठेवा. पडद्याचा उजेड व आवाज ठराविक ठेवून साठविलेला एकच पाठ पुनःपुन्हा लावा. ८० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत यायला किती मिनिटे लागली व खोलीचे तापमान किती होते, ते वहीत नोंदवा. वर्षभराने त्याचा आलेख काढा. टक्के तेच असूनही मिनिटे का घटतात, याचा विचार करा.

आमचा मित्र हा आलेख काढतो आहे. टॅब आता खिडकीत नसतो, आवरण काढून चार्ज होतो, आणि ८० टक्क्यांवर तार निघते. दहावीची परीक्षा झाली, की टॅब आपल्याला मिळणार, असे त्याच्या धाकट्या बहिणीने आताच जाहीर करून टाकले आहे.