कोंबडीचे पाय गेले तर?

"डॉक्टर, कोंबडीचे पाय गेलेत. नातू दिवसभर तिच्याच मागं असतो. त्याला पोलिओ-बिलिओ तर व्हायचा नाही ना?" सोनपेठसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. आजीबाईंचा प्रश्न संपतो न संपतो तोच बाकावरचा दुसरा रुग्ण सल्ला देऊन मोकळा होतो, "मरायच्या आत कापून टाका, वाया कशाला घालवता?" आजीबाईंची भीती बहुतांशी निराधार आहे आणि बाकावरचा सल्ला धोक्याचा आहे. आज या दोन्हींबद्दल लिहितो.

पोलिओ हा माणसाचा रोग आहे. तो कोंबडीला होत नाही व कोंबडीपासून येत नाही. शिवाय २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आहे. मग कोंबडी लंगडते, झोकांड्या खाते, मान वाकडी करून गिरक्या घेते ती कशाने? कारणे अनेक आहेत. नेमके निदान पशुवैद्यकाने करायचे. मी माणसांचा डॉक्टर. पण ढोबळ ओळख घरात असायला हरकत नाही.

आपल्याकडे सर्वांत जुनी ओळख मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची. आधी कोंबड्या मलूल होतात, तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट पातळ हगतात आणि पटापट मरतात. ज्या वाचतात त्यांची मान पिळवटते, पाय लुळे पडतात. हा विषाणूचा रोग असल्याने त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणीची लस. माणसाला या विषाणूने फार तर डोळे येतात व काही दिवसांत आपोआप बरे होतात. तरी आजारी पक्षी हाताळून त्याच हाताने डोळे चोळू नयेत.

तरुण तलंगीचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला, पण नजर तरतरीत, समोर दाणे टाकले तर खाते, असे दिसले तर मॅरेक्स रोगाची शंका घ्यावी. तोही विषाणूचाच रोग, त्यालाही औषध नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्याच्या पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात. घरच्या खुडुक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती कोण टोचणार? माणसाला हा रोग होत नाही.

आता मला सर्वांत जवळचे वाटणारे कारण सांगतो. १८८९ च्या सुमारास जावा बेटावर, बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधत होते. या रोगात माणसाचे पाय बधिर व लुळे होतात. प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही अचानक झोकांड्या खाऊ लागल्या, पडू लागल्या, मरू लागल्या. आणि काही महिन्यांनी, काहीच उपचार न करता, बऱ्या झाल्या! चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा शुभ्र सडीक भात घातला जात होता. नंतर नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने ठणकावले. कोंबड्या पुन्हा कोंडा असलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. तांदळाच्या कोंड्यात जे काही होते तेच पुढे 'ब-१' जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले, आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सगळे वैद्यकशास्त्र त्या हट्टी स्वयंपाक्याचे ऋणी आहे, पण त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

तेव्हा कोंबडी मान पाठीवर टाकून आकाशाकडे बघत बसली असेल, तर तिला काय खायला मिळते ते आधी पाहा. नुसता उरलेला भात आणि पाव यांवर कोंबडी जगत नाही. पिल्लांच्या पायाची बोटे मुठीसारखी आत वळली असतील व ती गुडघ्यावर बसल्यासारखी चालत असतील, तर ते 'ब-२' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. दाण्यात कोंडा, थोडे ताक, बारीक चिरलेला घास किंवा पालेभाजी मिसळावी. वेळेत लक्ष दिले तर पिल्ले सावरतात. खुराड्यात पिल्लांखाली गुळगुळीत फरशी किंवा वर्तमानपत्र (हे वर्तमानपत्रसुद्धा!) अंथरू नये, पाय फाकतात आणि तसेच राहतात. पोते किंवा भुसा बरा.

जाता जाता एक सांगतो. याच 'ब-१'च्या अभावी पायात मुंग्या, आग व झोक जाणे अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसांत रोज दारू पिणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. कोंबडीला कोंडा घालून भागते, यांचे भागत नाही.

विषबाधेबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या भागात कापूस, सोयाबीन, तूर. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले बियाणे अंगणात सांडते. फवारणीच्या दिवसांत पंप घरामागे धुतात, आणि मेलेले किडे कोंबडी टिपते. काल धडधाकट असलेली कोंबडी आज लाळ गाळते, थरथरते, पाय टाकते. बाकावरचा सल्ला इथेच जिवावर बेतू शकतो. विष कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत, काळजात आणि मांसात असू शकते. उकळल्याने ते जाईल असा भरवसा धरू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

या औषधांपैकी सेंद्रिय फॉस्फरसवर्गातील काही रसायने आणखी एक खोड करतात. पहिला झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात. हा उशिराचा लकवा कोंबडीत इतका स्पष्ट दिसतो, की अशा रसायनांची त्यासाठीची चाचणी जगभर कोंबडीवरच घेतात. १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात याच जातीचे रसायन मिसळलेले खाद्यतेल खाऊन शेकडो लोकांचे पाय गेले होते. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल किंवा दाणे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा धोका बर्ड फ्लूचा. तो दूरदेशीचा राहिलेला नाही. ११ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावच्या मेलेल्या कोंबड्यांत तो असल्याचा अहवाल भोपाळच्या प्रयोगशाळेतून आला, आणि गावच्या एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. बर्ड फ्लूतही तोल जातो व मान वाकडी होते. म्हणून नुसत्या नजरेने 'मानमोडीच आहे' असे कुणी ठरवू नये. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत हरियाणाचा एक अकरा वर्षांचा मुलगा या रोगाने दगावला. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी कोंबडी कापण्यात, पिसे उपटण्यात, आतडी काढण्यात. आणि ते काम घरात बहुधा बायकाच करतात.

तिसरी गोष्ट निरोगी कोंबडीलाही लागू आहे. तिच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू तिला काही त्रास न देता राहतो. माणसाला त्याने हगवण लागते, आणि क्वचित एखाद्याला नंतरच्या काही आठवड्यांत गुईयां-बारे हा लकव्यासारखा आजार होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचात हा जंतू सापडला होता. घाबरून कोंबड्या विकायला नकोत. खुराड्याची घाण आडापासून, पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा, कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मांस पूर्ण शिजवा. आजीबाईंच्या नातवाला एवढे पुरे.

एकच कोंबडी लंगडत असेल तर तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा, दाणा-पाणी जवळ द्या, तळव्याला काटा, जखम किंवा गाठ आहे का पाहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मी रुग्णाला लिहून दिलेल्या उरलेल्या गोळ्या कुटून तिच्या पाण्यात घालू नका. विषाणू त्याने मरत नाही. दोन-चार दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, किंवा गावात कावळे मरून पडलेले दिसले, तर हात न लावता ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. एरवी मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नये; तिच्यातल्या अळ्या खाऊन दुसऱ्या कोंबड्यांच्या माना लुळ्या पडतात. कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून.

आजारी कोंबड्या हाताळलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांत ताप, खोकला, दम लागला, किंवा फवारणीनंतर लाळ, घाम, अंधारी आली, किंवा हगवणीनंतर पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या आणि कोंबड्यांची हकिकत न विचारता आधी सांगा.