पक्ष्मकोप व बहिर्वलित वर्त्म : निदान आणि चिकित्सेची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या तिसऱ्या अध्यायात २१ वर्त्मगत रोग वर्णिले आहेत. त्यांतील शेवटचा पक्ष्मकोप. पक्ष्माशयगत दोषांमुळे पापणीचे केस तीक्ष्ण व खर होऊन नेत्रास पीडा देतात, रुग्णास वारा, ऊन व अग्नी सहन होत नाही, आणि केस उपटले की त्यास बरे वाटते. या शेवटच्या लक्षणास निदानात फार महत्त्व आहे, कारण अभिष्यंदाच्या रुग्णास केस उपटून आराम पडत नाही.

प्रस्तुत लेखकास हे अनुभवाने शिकावे लागले. सुमारे ६५ वर्षांच्या एक आजी नेत्रस्राव, लाली व खुपणे या तक्रारी घेऊन आल्या. अभिष्यंद समजून तीन महिने त्रिफळाक्वाथाने नेत्रप्रक्षालन व अंजन चालू ठेवले. त्या मधूनमधून सुनेकडून ‘टोचणारा केस’ काढवून घेत, हे त्यांनी सांगितले नाही व मीही विचारले नाही. भिंगाने पापणी पाहिली तेव्हा बुबुळाच्या मध्यभागी फूल पडू लागले होते. शस्त्रकर्मानंतर टोचणे थांबले. फूल मात्र राहिले.

तेव्हापासून डोळ्यातून पाणी येणाऱ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची पापणी प्रथम पाहण्याचा नियम केला आहे. उतारवयात खालच्या पापणीच्या कंडरा व स्नायू शिथिल होतात आणि तिची कड आत वळते. ही वळण कधी कधी केवळ प्रसंगी दिसते, म्हणून रुग्णास डोळे घट्ट मिटून उघडावयास सांगावे. खालची पापणी चिमटीत धरून हलकेच पुढे ओढावी व सोडावी; उघडझाप केल्याशिवाय ती जागेवर न आल्यास शैथिल्य समजावे. वरची पापणी आत वळली असल्यास ती उलटून पाहावी. आतील बाजूस पांढरट रेषा आढळल्यास जुन्या खुपऱ्यांचा संशय घ्यावा. पोथकीशी बहुतेक अध्यापक याच व्याधीचा संबंध जोडतात. भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. तथापि बालपणी हा रोग होऊन गेलेली वृद्ध मंडळी आजही आपल्याकडे येतात, आणि त्यांच्या पापणीतील व्रणवस्तूचे आकुंचन पुढेही चालू राहू शकते.

सुश्रुतांनी पक्ष्मकोपास याप्य म्हटले, तरी सोळाव्या अध्यायात त्यासाठी शस्त्रकर्म सांगितले आहे. भुवईखालील दोन भाग व केसांलगतचा एक भाग सोडून मधल्या त्वचेचा यवाकृती तुकडा काढावा, केसाने सीवन करावे व मध-तूप लावावे. त्वचा कमी झाली की कड बाहेर ओढली जाते, हे त्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. याने कार्य न झाल्यास अग्नी, क्षार व औषध यांचाही निर्देश आहे. आचार्य येथे केवळ अंजनावर थांबलेले नाहीत, मग आपण का थांबावे?

आजच्या नेत्रशल्यचिकित्सेत खालच्या शिथिल पापणीस आधार देणारी व वरच्या पापणीची कड फिरविणारी शस्त्रकर्मे रूढ आहेत. तोवर खालची पापणी चिकटपट्टीने गालाकडे किंचित ओढून ठेवल्यास घर्षण तात्पुरते टळते. केस उपटणे हा तात्पुरताच उपाय होय. काही आठवड्यांत केस पुन्हा उगवतो, आणि मधेच तुटल्यास त्याचा आखूड खुंट अधिक टोचतो. घर्षण चालू असताना लेखन अंजन वा तर्पण करू नये. तीव्र वेदना, प्रकाश असह्य होणे, दृष्टी मंदावणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. ‘मागचेच थेंब द्या’ म्हणून वारंवार येणाऱ्या वृद्ध ग्राहकास स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. लाली ओसरते, रुग्णास बरे झाल्यासारखे वाटते, आणि आतील व्रण वाढत राहतो.

पापणी बाहेर वळण्यास संहितेत नेमके नाव शोधण्याचा अट्टाहास करू नये. वार्धक्यजन्य शैथिल्य, भाजल्याचा व्रण व अर्दित ही तिची नेहमीची कारणे. अर्दितात डोळा मिटत नसल्याने वातहतवर्त्माशी तिचे साम्य दिसते. अशा रुग्णाची वातव्याधीची चिकित्सा जरूर करावी, परंतु त्याच वेळी कृत्रिम अश्रू व रात्री पापणी मिटून पट्टी ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. नस्य-अभ्यंगाचा गुण येईपर्यंत बुबुळ वाट पाहत नाही. पापणीवर कठीण गाठ असून तेथील केस गळले असल्यास अर्बुदाची शंका घेऊन तपासणी करवून घ्यावी.

या रुग्णांना डोळे पुसण्याची रीतही शिकवावी लागते. पाणी वाहते म्हणून ते दिवसभर पदराने वा रुमालाने खालच्या दिशेने पुसतात आणि सैल पापणी आणखी खाली ओढली जाते. स्वच्छ मऊ कापडाने, डोळा मिटून, नाकाच्या बाजूस व किंचित वर असे हलकेच टिपावे.