"आमच्याकडे मशीन आहे" एवढ्यावर काम मिळत नाही



आपल्या काही गटांनी आता झाडांच्या निगेचं काम हातात घेतलं आहे. माडावर चढायचं यंत्र, ग्रास कटर, लांब दांड्याची करवत, कुणाकडे छोटं चेन कटर. काहींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलं, काहींनी बँकेतून. मशीन पडवीत उभं राहिलं तरी हप्ता थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. प्रशिक्षण झालं, मशीन आलं, आता अडतंय ते गिऱ्हाइकाच्या दारात. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावरच आहे. बागायतदारासमोर किंवा घरमालकासमोर आपण स्वतःला आणि आपल्या अवजारांना कसं मांडायचं?

बहुतेक गट काय करतात? मशीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. खाली लिहितात, "आमच्याकडे अत्याधुनिक मशीन उपलब्ध." फोटो बऱ्याचदा दुकानदाराने पाठवलेला, नवाकोरा. असा फोटो बघून माणूस म्हणतो, बरं आहे, आणि पुढे जातो. त्याला मशीनशी घेणं नसतं. त्याच्या मनात तीन धास्ती असतात. माझ्या झाडाला काही होईल का? माझ्या आवारात कुणी पडलं तर? आणि शेवटी पैसे किती मागतील? आपल्या अवजाराबद्दल जे काही बोलायचं ते या तीन प्रश्नांचं उत्तर म्हणून बोला.

माडाचंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे पाडेली मिळत नाहीत, ही प्रत्येक घराची तक्रार आहे. जुन्या पद्धतीत चढायला सोपं जावं म्हणून खोडाला खाचा पाडतात. त्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तो आत शिरला की बाहेरून कळेपर्यंत माड गेलेला असतो. आपल्या चढायच्या यंत्राला खाच लागत नाही, तारेचा फास खोडाला आवळून धरतो. हे वाक्य गिऱ्हाइकाला सांगितलंत की यंत्र "आधुनिक" आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या झाडाचा फायदा त्याला कळला.

वर गेल्यावर काय काय करणार तेही खाली उभं असतानाच सांगा. नारळ पाडणार, सुकलेल्या झावळ्या आणि जुन्या पोया काढणार, शेंड्यात गेंड्या भुंग्याची भोकं दिसली तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढणार. हे सगळं एकाच चढण्यात होतं. नुसते नारळ पाडणारा आणि आपण यातला फरक इथे दिसतो.

आता एक अवघड गोष्ट. मालक म्हणतो, "ताई, मस्त साफ करून टाका, हिरव्या झावळ्यापण काढा, अंगणात कचरा नको." चांगल्या माडाला महिन्याला साधारण एकच नवी झावळ येते. हिरव्या चार काढल्या म्हणजे त्याचं चार महिन्यांचं अन्न काढलं, आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात पोय असते. तेव्हा नाही म्हणा. गोड बोलून म्हणा, पण नाही म्हणा, आणि कारण सांगा. माझं मत विचाराल तर गटाचं नाव पोस्टरपेक्षा अशा नकारानेच होतं. झाडाची काळजी घेतो म्हणणाऱ्या बाईने झाडाची बाजू एकदा तरी घ्यायला हवी ना?

आंब्याचंही तसंच. बांडगूळ काढायला बोलावलं तर नुसती पानं ओरबाडून खाली येऊ नका. जिथे ते फांदीत रुतलं आहे त्याच्या खालून फांदीसकट कापावं लागतं, नाहीतर पुन्हा फुटतं. फांदी थोडी जास्त का कापली, हे मालकाला तिथेच दाखवा. जड फांदी असेल तर आधी खालच्या बाजूने थोडा छेद, मग जरा पुढे सरकून वरून काप, आणि शेवटी उरलेला ठोंब नीट करा. सरळ वरून कापली की वजनाने फांदी मोडते आणि साल खोडापर्यंत सोलवटत जाते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, मिळून एक लिटर पाणी, आणि भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. ही निळी पेस्ट लावलेला फोटो तुमच्या जाहिरातीत असू द्या. बागायतदार तो फोटो बघून ओळखतो की यांना काम येतं.

नावाबद्दल थोडं. बाजारात फलक दिसतात, "सर्व प्रकारची झाडे तोडून मिळतील." आपल्या फलकावर "तोडणे" हा शब्द पहिला येऊ देऊ नका. "माडाची सफाई, नारळ पाडणे, आंब्याची छाटणी, बांडगूळ काढणे, बेणणी" असं कामाच्या नावाने लिहा. "वृक्षसंवर्धन सेवा" वगैरे ऐकायला छान वाटतं, पण कुणी त्या नावाने फोन करत नाही.

आणि तोडीचं काम आलंच तर? महाराष्ट्रात १९६४ पासून झाडं तोडण्याबद्दलचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशी कितीतरी झाडं त्याच्या यादीत आहेत. आपल्या स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. ती मालकाने काढायची. कागद बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि हे फोनवरच सांगायचं. काही जण रागावतील. रागावू द्या, दंड भरायला ते येणार नाहीत.

दुसरी धास्ती, कुणी पडलं तर? याचं उत्तर तोंडाने देण्यापेक्षा करून दाखवा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घाला. सुरक्षेचा दोर ओढून बघा, यंत्राची तार कुठे तुटली-विरली आहे का ते हात फिरवून बघा (हातमोजा घालून!). ग्रास कटर चालू करण्याआधी मुलं, कोंबड्या, बघायला आलेली शेजारची मंडळी सगळ्यांना १५ मीटर लांब जायला सांगा. पात्याने उडालेला खडा डोळा फोडू शकतो. स्वतः चष्मा आणि बूट घातल्याशिवाय सुरू करू नका. साडी नको, पंजाबी ड्रेसची ओढणी काढून ठेवा. काही ताई म्हणतात, एवढं सगळं केलं की लोक हसतात. पहिल्या दिवशी हसतात. दुसऱ्या घरी गेल्यावर तेच लोक सांगतात, "व्यवस्थित काम करतात हो."

"तुमच्याबरोबर पुरुष कोण येणार?" हा प्रश्न तर ठरलेलाच. त्यावर वाद घालू नका आणि लाजूही नका. जी वर चढणार आहे तिनेच उत्तर द्यायचं, अध्यक्षांनी किंवा मी नाही. "मी चढणार. माझं प्रशिक्षण झालंय, हे प्रमाणपत्र." नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात "फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री" हा कार्यक्रम सुरू केला, त्यात यंत्राने माडावर चढायला बायकासुद्धा शिकल्या. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही. मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी विमा योजनाही आहे. ज्या ताया चढतात त्यांनी त्याची चौकशी करून ठेवा. विमा आहे असं खरोखर सांगता आलं की मालकाचा जीव भांड्यात पडतो.

पण "महिलांचा गट आहे, मदत म्हणून काम द्या" असं कृपा करून म्हणू नका. मदत म्हणून दिलेलं काम एकदाच मिळतं, आणि त्याचा दरही मदतीसारखाच असतो.

मशीनला काय जमत नाही, तेही आपणच आधी सांगायचं. पावसात खोड शेवाळून निसरडं होतं, तेव्हा चढणार नाही. गणपतीच्या आधी सगळ्यांना नारळ हवे असतात आणि नेमका पाऊस असतो, म्हणून मुंबईकरांना आधीच फोन करून सांगा, की दोन-तीन दिवस उघडीप मिळून खोड सुकलं तरच येऊ. फार वाकलेला माड यंत्राने होत नाही. विजेच्या तारांना लागलेल्या फांद्या महावितरणने लाईन बंद केल्याशिवाय कापायच्या नाहीत, मग मालक कितीही म्हणो, "काही होत नाही." गडग्यालगत किंवा दगडाळ जागेत ग्रास कटरचं पातं लावता येत नाही, नायलॉनची दोरी लावून काम करावं लागतं, वेळ जास्त जातो. हे आधी सांगितलं नाही आणि संध्याकाळी अर्धं काम राहिलं, तर दोष मशीनला नाही, आपल्याला लागतो. मशीन अवजार बँकेतून भाड्याने आणणार असाल तर तसंच सांगा. फोटोत जे दाखवलं तेच दारात यायला हवं.

मुंबईत राहणाऱ्या मालकांसाठी फोटोच सगळं आहे, कारण ते काम बघायला नसतात. कामाआधी आणि नंतर एकाच जागेवर उभं राहून, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. त्यांना पाठवा. स्टेटसला लावायचे असतील तर त्यांना विचारून लावा, घराचा दरवाजा आणि आतली माणसं दिसणार नाहीत असे.

राहिले पैसे. दर तोंडी सांगू नका, वहीतल्या चिठ्ठीवर लिहून द्या. किती झाडं, प्रत्येक झाडावर काय काम, पेट्रोल कुणाचं, झावळ्या आणि फांद्या कोण नेणार, आणि खाली पडताना कौलं फुटली तर काय. कौलांचं आधी बोलला नाहीत तर नंतर भांडण ठरलेलं आहे. घराला टेकलेला माड असेल तर झावळ दोराने उतरवावी लागते, त्याचा दर वेगळा लावा आणि वेगळा का, ते सांगा. दर ठरवताना मजुरीबरोबर पेट्रोल, ऑइल, पातं, नायलॉन दोरी, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता धरा. गिऱ्हाईक म्हणेल पाडेली कमी घेतो. मग चिठ्ठी पुढे करा आणि एकेक काम वाचून दाखवा. तरीही नको म्हणाला तर फोन नंबर देऊन या.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने अशी एक कोरी चिठ्ठी तयार करून आणायची आहे. चढणाऱ्या ताईने स्वतःची ओळख चार वाक्यांत सांगायचा सराव करून यायचं. सोबत यंत्र आणि दोरही आणा, तारा एकदा सगळ्या मिळून तपासून घेऊ.