जलसफरीची तयारी

धाराशिव जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाची वाट बालाघाटच्या माथ्यावरच दुभंगते. तेरणा आणि मांजरा या नद्यांचे पाणी गोदावरीस मिळते, तर सीना आणि बोरी यांचे पाणी भीमेतून कृष्णेकडे जाते. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे बहुधा कोरडी पडतात. परंतु परांडा तालुक्यात सीना नदीवर सीना-कोळेगाव धरण आहे. पाऊसकाळ चांगला झाला, म्हणजे त्याचा जलाशय हिवाळ्यातही दूरवर पसरलेला दिसतो.

मुलांनो, समजा, तुमच्या बालवीर पथकातील सहा मुलांनी आणि दोन शिक्षकांनी अशा जलाशयाकाठी दोन दिवस राहावयाचे, होडीतून फिरावयाचे आणि गळाने मासे धरावयाचे ठरविले. जवळ दुकान नाही, खानावळ नाही. मग तयारीस आरंभ कोठून कराल?

आरंभ परवानगीपासून करावा. धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते आणि मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. दोघांचीही संमती घ्यावी. एखाद्या अनुभवी मच्छीमारास बरोबर येण्याची विनंती करावी. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे खुंट कोठे आहेत, हे नकाशापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.

नंतर हिशेब करावा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ४ लिटर पाणी धरले, तर आठ जणांस दोन दिवसांत ६४ लिटर पाणी लागेल. म्हणजे ६४ किलो ओझे झाले! म्हणून पहिल्या दिवसापुरतेच पाणी बरोबर घ्यावे. पुढे जलाशयाचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळावे आणि खळखळ उकळून प्यावे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, तांदूळ, मीठ व गूळ हा शिधा पुरेसा आहे. मासा गळास लागेलच, या भरवशावर शिधा कमी करू नये. आगपेट्या दोन निरनिराळ्या डब्यांत ठेवाव्यात. एक भिजली तर दुसरी उपयोगी पडते.

कॅनडा देशात असंख्य सरोवरे आहेत. तेथील मूळ रहिवाशांनी भूर्जवृक्षाच्या सालीची हलकी होडी तयार केली. तिला ‘कनू’ म्हणतात. एक सरोवर संपले, की प्रवासी ती होडी आणि सारे सामान खांद्यावर घेऊन दुसऱ्या सरोवरापर्यंत चालत जातात. जे आपल्याला उचलवत नाही, ते बरोबर घेऊ नये, हा धडा त्यांच्याकडून घेण्याजोगा आहे.

होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे. पोहता येणाऱ्यानेही घालावे. सामान होडीच्या मध्यभागी, तळाशी ठेवावे. होडीत उभे राहू नये. लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगत राहते. म्हणून काठाकडे पोहत न सुटता तिलाच धरून राहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परत केव्हा फिरावयाचे, हे घरीच ठरवावे. लाटांवर पांढरा फेस दिसला, तर होडी पाण्यात लोटू नये. सूर्य कासराभर वर असतानाच काठास लागावे. हे नियम कागदावर लिहावेत. मुक्कामाची जागा आणि परतण्याची वेळ लिहिलेली एक प्रत घरी ठेवावी. पाण्यावर गेल्यावर उत्साह विचारावर मात करतो. “आणखी एकच मासा,” असे म्हणता म्हणता अंधार पडतो. अशा वेळी आधी केलेला निश्चयच कामी येतो.

लहान मासे पुन्हा पाण्यात सोडावेत. तुटलेला दोरा काठावर टाकू नये; त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. चूल पाण्याने पूर्ण विझवावी. एकही मासा न मिळता सर्वजण ठरल्या वेळी सुखरूप घरी परतले, तरी ती सफर यशस्वी झाली असे समजावे.

स्वाध्याय

१. सफरीच्या तयारीचा आरंभ परवानगीपासून का करावा?
२. परत फिरण्याचे नियम घरीच का ठरवावेत?
३. दहा जणांच्या तीन दिवसांच्या मुक्कामास किती पाणी लागेल, याचा हिशेब करा.