सात पेट्या

वर्धा शहराजवळ सेवाग्राम येथे गांधीजींची कुटी आहे. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, बसावयास चटई आणि नित्याच्या उपयोगातील मोजक्या वस्तू, एवढाच तिचा थाट. ती पाहून पुष्कळांच्या मनात येते, ‘एवढ्या थोड्या सामानात मनुष्याचे कसे भागत असेल?’ या प्रश्नाचे उत्तर ही कुटी उभी राहण्यापूर्वीच्या एका प्रवासात सापडते.

सन १९३१ मध्ये लंडन येथे दुसरी गोलमेज परिषद भरावयाची होती. हिंदुस्थानच्या भवितव्याची चर्चा तेथे होणार होती. काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून गांधीजींनी जावे, हे अगदी ऐन वेळी ठरले. २७ ऑगस्ट रोजी सिमल्यास वाटाघाटी संपल्या आणि २९ ऑगस्ट रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ ही बोट सुटावयाची होती! खास आगगाडीने गांधीजी सिमल्याहून निघाले आणि बोट गाठली. महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन व चिरंजीव देवदास ही मंडळी त्यांच्याबरोबर होती.

विलायतेचा प्रवास म्हटला की तयारी आलीच. तेथील थंडी कडक. शिवाय मोठमोठ्या लोकांत वावरावयाचे. सोबतच्या मंडळींनी घाईघाईने पुष्कळ सामान जमविले होते; स्नेह्यांनीही प्रेमाने त्यात भर घातली होती. बोटीवर गांधीजींची दृष्टी त्या पेट्यांकडे गेली आणि ते अस्वस्थ झाले. ज्या देशातील कोट्यवधी लोकांना पुरेसे वस्त्र मिळत नाही, त्या देशाच्या वतीने बोलावयास निघालेल्यांजवळ एवढे ओझे कशाला? त्यांनी एकेका वस्तूची चौकशी आरंभिली. मंडळी ओशाळली. निवडानिवड झाली आणि बोट एडनला लागताच सात पेट्या व ट्रंका हिंदुस्थानात परत रवाना झाल्या!

११ सप्टेंबर रोजी बोट फ्रान्समधील मार्सेय बंदरास लागली. तेथील जकात अधिकाऱ्यांना दाखविण्याजोगे गांधीजींजवळ काय होते? काही चरखे, तुरुंगातील भांडी, खादीचे पंचे आणि शेळीचे दूध! तेथून आगगाडीने फ्रान्स ओलांडून मंडळी बूलोनला गेली, खाडी पार करून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली आणि १२ सप्टेंबर रोजी लंडनला पोहोचली.

मुक्काम कोठे करावयाचा, हाही प्रश्न होताच. परिषद सेंट जेम्सच्या राजवाड्यात भरत असे. जवळपास उत्तम हॉटेले होती. परंतु गांधीजींनी निवडले ते पूर्व लंडनमधील मजुरांच्या वस्तीतील ‘किंग्सले हॉल’. मुरियल लेस्टर या सेवाव्रती बाई ती संस्था चालवीत. गच्चीवरील एका लहानशा खोलीत गांधीजी राहत. परिषदेला जाण्यायेण्यात फार वेळ मोडे; रात्री परतावयास उशीर होई. तरीही त्यांनी मुक्काम बदलला नाही. पहाटे फिरावयास निघाले की मजुरांची मुले त्यांच्याभोवती गोळा होत.

सप्टेंबरच्या अखेरीस ते लँकेशायर परगण्यात गेले. हिंदुस्थानात विलायती कापडावर बहिष्कार पडल्याने तेथील अडचणीत भर पडली होती आणि अनेक मजूर बेकार झाले होते. तेथे आपले स्वागत कसे होईल, हे कोणास ठाऊक होते? पण गांधीजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातील दारिद्र्य त्यांच्यापुढे मांडले. गिरणीतील कामकरी स्त्रियांनी त्यांच्याभोवती जमून जयघोष केला!

५ डिसेंबर रोजी गांधीजींनी लंडन सोडले. पॅरिसवरून आगगाडीने ते स्वित्झर्लंडमध्ये व्हिलनव्ह येथे विख्यात साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्या भेटीस गेले. रोलाँ यांच्यामुळेच मीराबेनना प्रथम गांधीजींची ओळख झाली होती. पुढे रोमवरून ते ब्रिंदिसी बंदरास आले आणि २८ डिसेंबर रोजी मुंबईस पोहोचले. परिषदेतून स्वराज्य मिळाले नव्हते. आठवड्याभरातच, ४ जानेवारी १९३२ रोजी, सरकारने त्यांना अटक केली.

पुढे १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळील शेगावी राहावयास आले. हेच गाव १९४० पासून सेवाग्राम झाले. आपले घर गावातच मिळणाऱ्या सामानाचे असावे व खर्च शंभर रुपयांच्या आत राहावा, अशी त्यांची अट होती. मीराबेनकरिता बांधलेली झोपडी पुढे बापू कुटी म्हणून प्रसिद्ध झाली.

एडनहून परत गेलेल्या पेट्यांत काय काय होते, याची आज कोणी चौकशी करीत नाही. त्या परत का गेल्या, हे मात्र बापू कुटीच्या दारात उभे राहिले की आपोआप कळते.

शब्दार्थ : वाटाघाटी – बोलणी, ओशाळणे – लाज वाटणे, जकात – मालावरील कर, सेवाव्रती – सेवेचे व्रत घेतलेला.

स्वाध्याय
१. गांधीजींनी सात पेट्या परत का पाठविल्या?
२. गांधीजींनी किंग्सले हॉलमध्ये राहणे का पसंत केले असावे?
३. तुम्ही दूरच्या प्रवासास निघाला आहात. बरोबर घ्यावयाच्या वस्तूंची यादी करा व प्रत्येक वस्तूपुढे तिची आवश्यकता लिहा.