सशांच्या पाण्याविषयी

चि. बाळ यास,


सकाळी भरलेल्या बाटल्या दुपारपर्यंत निम्म्या होतात आणि पिंजऱ्याखाली चिखल होतो, असं तू फोनवर म्हणालास. ते पाणी ससे पीत नाहीत, बाटलीच सोडते आहे. उलटी टांगलेली बाटली पाणी धरून ठेवते ती आत हवा शिरायला वाट नसते म्हणून. शेडचा पत्रा तापला की बाटलीत जी थोडी हवा असते ती फुगते आणि पाण्याला खाली ढकलते. बाटली जितकी रिकामी, तितकी हवा जास्त आणि गळतीही जास्त. फलटणच्या एप्रिलमध्ये हे थांबायचं नाही, कितीही महागाची बाटली आण. घरात हौसेने पाळलेल्या एकदोन सशांना सावलीत बाटली पुरते. तुझ्या वीस पिंजऱ्यांना तोंड लावलं की पाणी सोडणाऱ्या निपलची लाइनच घालायला हवी.

पण गच्चीवरच्या टाकीतून थेट पाइप खाली आणायचा तुझा विचार मात्र सोडून दे. पाण्याच्या दर मीटर उंचीला साधारण दर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम दाब येतो. तुमची टाकी दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, म्हणजे निपलपर्यंत सात-आठ मीटरचा दाब. सशाच्या निपलला तो फार होतो. आतली पिन नीट बसत नाही आणि निपल ठिबकत राहतं, नाहीतर सशाने तोंड लावताच नाकावर पिचकारी बसते. एकदोनदा असं झालं की ससा त्या निपलकडे जायलाच बिचकतो, आणि पाणी कमी झालं की खाणंही कमी होतं. तू खाद्य बदलत बसशील, दोष मात्र पाण्यात असेल.

म्हणून मधे एक छोटी टाकी बसव. झाकणाची, रंगाने गडद, पंचवीस लिटरची पुरे. मोठा ससा दिवसाला किलोमागे साधारण शंभर मिली पाणी पितो. पिल्लांना पाजणारी मादी उन्हाळ्यात लिटरभर सहज पिते, कधी जास्तही. टाकीचा तळ निपलच्या ओळीपेक्षा अडीच-तीन फूट वर ठेव. आत बॉल कॉक बसव, गच्चीचं पाणी त्यातून येऊ दे. बॉल कॉक कधीतरी अडकतोच, तेव्हा जादा पाणी शेडबाहेर जाईल अशी ओव्हरफ्लोची नळी आधीच काढून ठेव. खाली जाणारा पाइप टाकीच्या अगदी तळातून काढू नकोस, दोन बोटं वरून काढ, म्हणजे गाळ टाकीतच राहील. त्यापुढे ठिबक सिंचनाचा जाळीचा छोटा फिल्टर लाव. निपल गळतं त्यामागे बहुतेक वेळा रेतीचा एखादा कण असतो. पिनेखाली तो अडकला की थेंब थांबत नाही.

पाइप म्हणून ठिबकची १६ मिलिमीटरची काळी लॅटरल उत्तम. आत उजेड जात नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही. मात्र नवीच घे. दादाच्या डाळिंबाच्या बागेतून काढलेली लॅटरल पडून आहे हे मला ठाऊक आहे. तिच्यातून खतं गेली आहेत, ॲसिड गेलं आहे. ती जनावराच्या पिण्याच्या पाण्याला लावायची नाही, धुऊनसुद्धा नाही. भोकं पाडायला ठिबकवाल्यांचा पंच आण. तापवलेल्या खिळ्याने पाडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी वितळते, तिथे निपलचं रबरी ग्रोमेट बसत नाही आणि पुढे ती जागा कायम पाझरते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने गुंडाळ. प्लास्टिकचे आटे हाताने बसतील तेवढेच आवळ, पान्याने जोर लावलास की चीर जाते. निपल स्टेनलेस स्टीलचं घे. पाइप पिंजऱ्याच्या बाहेरूनच ने, आत फक्त निपलचं टोक येऊ दे. सशाच्या दाताला पाइप लागला तर तो कुरतडला जाणारच.

निपल कुठे लावतोस याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे. खाद्याच्या भांड्यावर नको, ओल्या गोळ्यांना बुरशी येते. विण्याच्या पेटीजवळ तर मुळीच नको. जन्मलेल्या पिल्लांच्या अंगावर केस नसतात, एक रात्र ओली गेली तर गारठून मरतात. मोठ्या सशाला मान किंचित वर करून पिता येईल इतकी उंची ठेव, जाळीपासून साधारण आठ-नऊ इंच. पिल्लं पेटीबाहेर येऊ लागली की त्या पिंजऱ्यात खाली आणखी एक निपल लाव. दुमजली पिंजरे करणार असशील तर दोन्ही ओळींना वेगळा कॉक हवा आणि मधे ट्रे हवा.

या गळतीला मी एवढं का धरून बसले आहे ते सांगते. माद्यांच्या गळ्याखाली कातड्याची घडी लोंबते, ती सतत ओली राहिली की केस झडतात, कातडी लाल होऊन चिघळते. ओल्या जाळीवर बसून मागच्या तळव्यांना जखमा होतात. खालच्या लेंड्या आणि मूत भिजलं की अमोनियाचा भपका उठतो आणि सशांना शिंका सुरू होतात. लेंडीतून पडणारे कॉक्सिडिओसिसचे जंतूही अशाच ओलाव्यात बाधक होतात, आणि या रोगात सगळ्यात आधी पिल्लं जातात. औषध डॉक्टर देतील, पण शेड ओली असेल तोवर रोग पुन्हा पुन्हा येत राहील.

लाइन जोडून झाली की लगेच ससे सोडू नकोस. आधी लाइनच्या टोकाचा शेवटचा कॉक उघडून भरपूर पाणी वाहू दे, म्हणजे आतली हवा आणि प्लास्टिकचे कपचे निघून जातील. मग टाकी भर, वरून येणारं पाणी बंद कर, पातळीवर खडूने रेघ ओढ आणि प्रत्येक निपलखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेव. सकाळी रेघ आणि कागद दोन्ही पाहा. जो कागद ओला, ते निपल काढून धू, मग पुन्हा बसव. बोअरच्या पाण्याने पिनेवर पांढरा थर धरतो, तो लिंबाच्या रसात रात्रभर बुडवला की सुटतो.

बाटलीच्या सवयीचे ससे निपल लगेच धरतील असं समजू नकोस. सगळे पिताना दिसेपर्यंत मातीची वाटी आत राहू दे. ससे जास्त पाणी संध्याकाळी आणि रात्री पितात, म्हणून दिवेलागणीला एक फेरी मार आणि प्रत्येक निपल बोटाने दाबून बघ. गळणारं निपल लांबून दिसतं, तुंबलेलं दिसत नाही, आणि सशाला तहान लागली तरी तो ओरडत नाही. उन्हाळ्यात काळ्या पाइपमधलं पाणी दुपारी कढत होतं. पाइपवर ओलं गोणपाट टाक, दोनच्या सुमारास शेवटचा कॉक उघडून ते पाणी लसूणघासाच्या वाफ्याला सोड. पाण्यातून जीवनसत्त्वं किंवा औषध द्यायचं झालं तर ते वाट्यांतूनच दे, लाइनमध्ये घालू नकोस. त्याने पाइपला आतून बुळबुळीत थर धरतो.

दुकानात जाण्याआधी शेडची लांबी, पिंजऱ्यांच्या दोन्ही ओळींची जमिनीपासूनची उंची आणि टाकी ठेवायची जागा कागदावर काढून मला पाठव. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या